घट हलवण्यापूर्वी : मृत्पात्रांवरील चित्रे आणि सचेतनपट

गेल्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी, आरती आटोपून प्रसाद वाटून झाल्यावर, आपल्यापैकीच एका घरी आम्ही दहा-बाराजण बसलो होतो. घरच्या तरुणाने टीव्हीच्या पडद्यावर एक लहानशी चित्रफीत लावली. एक रानबोकड झाडापाशी येतो, उसळी घेतो, फांदीवरची पाने तोंडात धरतो, खाली येतो आणि पुन्हा उसळी घेतो. रेषा अगदी थोड्या. फीत काही सेकंदांचीच. पण तिचा शेवट सुरुवातीला जोडलेला असल्यामुळे ती थांबतच नव्हती. हे चित्र इराणात सापडलेल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पेल्यावरचे आहे आणि हेच जगातले पहिले ॲनिमेशन होय, असे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. सर्वांनी कौतुक केले. तेवढ्यात घरातल्या धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, हा बोकड दमत कसा नाही?" सगळे हसले. आम्हीही हसलो.

प्रश्न मात्र मनातून गेला नाही, आणि विचार करता तो दिसतो तितका बालिश नाही असे वाटू लागले. नक्षीदार मृत्पात्रांवरील आकृत्यांना सचेतनपटाच्या साहाय्याने हलते-बोलते करण्याची हौस गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर वाढली आहे. संग्रहालये असे पट करून घेतात, शाळांतून ते दाखवले जातात, आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य ऐकू येते : "प्राचीन कला जिवंत केली." या 'जिवंत' शब्दाची थोडी परीक्षा करावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. सचेतनपटांना आमचा विरोध नाही. परंतु भांड्यावरचे चित्र पडद्यावर नेताना काय हाती लागते आणि काय हातचे जाते, याचा हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे.

प्रथम त्या पेल्याविषयी. तो सापडला आग्नेय इराणातील सिस्तान भागात, शहर-ए-सुख्ता म्हणजे 'जळालेले शहर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुरातन वसाहतीत. मॉरिझिओ तोसी यांच्या नेतृत्वाखाली एका इटालियन पथकाने तेथे १९६७ पासून उत्खनन केले. पेला मिळाला तो एका दफनात. २०१४ मध्ये या स्थळाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला. पेल्यावरील बोकड आणि झाड बराच काळ केवळ अलंकरण म्हणून पाहिले गेले. त्या पाच आकृत्या एकाच बोकडाच्या, एकाच उडीच्या पाच पायऱ्या आहेत, हे पुढच्या अभ्यासकांच्या ध्यानात आले. हा शोध खरोखरच मोठा आहे. पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने उडीतले पाच क्षण वेगळे ओळखले आणि ते क्रमाने मांडले, ही गोष्ट थक्क करणारी आहे.

पण म्हणून तो पेला म्हणजे 'पहिले ॲनिमेशन' ठरतो काय? चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात. त्या गतीने ही पाच चित्रे दाखवली तर सगळी उडी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात संपून जाईल. तेव्हा फीत करणाऱ्याला प्रत्येक आकृती काही काळ धरून ठेवावी लागते, किंवा मधल्या आकृत्या स्वतः नव्याने काढाव्या लागतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पेला कुंभाराच्या चाकावर ठेवून भरभर फिरवला तर बोकड उडताना दिसणार नाही. रेघांचा एक पुसट पट्टा तेवढा दिसेल. एकोणिसाव्या शतकात, १८३० नंतरच्या दशकात, युरोपात फिरत्या चित्रांची खेळणी निघाली, तेव्हा त्यांत अरुंद फटी ठेवाव्या लागल्या. फटीतून क्षणभर चित्र दिसते, मग आड पडते, मग पुढचे चित्र. हालचालीचा भास उभा असतो तो या आड पडण्यावर. पेल्याला फट नाही. तो गरगर फिरवण्याची वस्तू नाही. हातात धरून सावकाश वळवण्याची आहे.

हातात पेला वळवताना एका वेळी एक-दोन आकृत्याच दिसतात. मागची आठवणीत गेलेली असते, पुढची अजून आड असते. उडी घडते ती पाहणाऱ्याच्या मनात. त्याने हात थांबवला की बोकड हवेत थांबतो. हात उलटा वळवला की तो आल्या वाटेने खाली उतरतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडले. पेल्यावरचा बोकड पाहणाऱ्याच्या हाताबरोबर उडतो आणि हात विसावला की विसावतो. पडद्यावरच्या बोकडाला विसावाच नाही, कारण त्याला कोणाचा हात लागलेला नाही.

हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर घ्यायचा असेल तर फार दूर जायला नको. पोर्तुगीज अमलाच्या खुणा आपल्या नगर हवेलीने १९५४ पर्यंत पाहिल्या. त्याच अमलाने गोव्यात निळ्या चित्रांच्या झिलईदार फरश्यांची कला आणली. पणजीच्या मिनेझीस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी १९३५ मध्ये केलेल्या अशा फरश्यांवर कामोइश या पोर्तुगीज महाकवीच्या काव्यातले प्रसंग आहेत. चित्रे भिंतीत पक्की बसलेली; चालतो तो पाहणारा. एका प्रसंगापाशी किती वेळ थांबायचे, कोठे मागे वळून पाहायचे, हे त्याचे पाय ठरवतात. पेल्याच्या बाबतीत जे हात करतो तेच येथे पाय करतात. भाजलेल्या मातीवरच्या चित्रात काळ नसतो असे नाही. तो काळ पाहणाऱ्याच्या स्वाधीन असतो.

आता शब्दाकडे वळू. 'ॲनिमेशन' या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतला 'ॲनिमा' आहे. त्याचा अर्थ श्वास, प्राण. मराठीत आपण सचेतनीकरण, सचेतनपट असे शब्द घडवले. दोन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : जे हलत नाही ते अचेतन, आणि हलवले की त्यात चेतना येते. आपल्या घरांतला आचार मात्र नेमके याच्या उलट सांगतो.

गणेशचतुर्थीला मातीच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते. मूर्तीच्या हृदयाशी हात लावून मंत्र म्हटले जातात, दूर्वेने डोळ्यांना स्पर्श केला जातो. त्यानंतर मूर्ती जागची हलवायची नाही, हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक असते. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या, की मूर्ती किंचित सरकवतात. ते सरकवणे हीच प्राण निघून गेल्याची खूण. नवरात्रातही तसेच. घट 'बसतात'. नऊ दिवस घटाला हात लावून त्याची जागा बदलायची नाही. त्याच्याभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य मात्र दिवसागणिक उंच होत जाते. उत्सवाची सांगता करायची तेव्हा घट 'हलवतात'. मातीच्या वस्तूत प्राण असतो तोवर ती स्थिर असते आणि ती हलली की प्राण गेलेला असतो, असा हा आचार आहे.

येथे धर्मशास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या मातीशी वागत आलेल्या समाजाने चेतना आणि हालचाल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, ही जाण कलेच्या परीक्षेलाही उपयोगी पडावी. तिच्या आधारे कोणत्याही सचेतनपटाला तीन प्रश्न विचारता येतील असे आम्हांला वाटते. चित्र हलू लागल्यावर भांडे भांडे राहिले काय, म्हणजे त्याची गोलाई, त्याचा काठ, त्याची माती ध्यानात राहते काय? मूळ चित्रकाराने जेथे जागा मोकळी सोडली तेथे पाहणाऱ्याच्या कल्पनेला वाव उरला काय? आणि पट संपल्यावर आपण त्या भांड्याकडे परत येतो काय, की त्याची गरजच उरत नाही?

या कसोटीवर एक जुना आणि नामांकित नमुना पाहू. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने १९३१ मध्ये 'सिली सिम्फनी' मालिकेत 'द चायना प्लेट' हा लघुपट काढला. दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सन. चिनी मातीच्या बशीवरचे चित्र हलू लागते; मासेमारी करणारा मुलगा, पाण्यात पडलेली मुलगी, त्यांच्या मागे लागणारा स्थूल सरदार आणि अखेरीस एक अजस्र ड्रॅगन, अशी धावपळ संगीताच्या ठेक्यावर चालते. गंमत म्हणून हा पट आजही पाहवतो. पण बशीचे काय होते? ती दारासारखी उघडते, आपण आत शिरतो आणि दार मागे राहून जाते. सपाट बशीवर जेथे खोली नव्हती तेथे खोल पाणी येते, जेथे एक रेघ होती तेथे डोंगर उभा राहतो. त्यातून हा पट कृष्णधवल. निळ्या-पांढऱ्या बशीतला निळा रंगच त्यात नाही. त्या काळी स्टुडिओचे रंगीत लघुपट अजून सुरू झाले नव्हते, तेव्हा हा दोष कोणाच्या माथी मारता येणार नाही. तरी बशीचा प्राण ज्या रंगात होता तो वगळूनही पट कोठे अडला नाही, यातच सर्व आले. त्याला बशी नको होती, निमित्त हवे होते.

अशा बश्यांत सर्वांत प्रसिद्ध ती 'विलो' नक्षीची बशी. उदवाडा-संजाणकडच्या पारशी घरांशी ज्यांचे येणे-जाणे आहे त्यांना काचेच्या कपाटांतली निळी-पांढरी भांडी सांगायला नकोत. ही नक्षी चिनी वाटली तरी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या कारखान्यांनी चिनी भांड्यांच्या नमुन्यावरून बेतलेली आहे. पुलावर तीन माणसे, पाण्यात होडी, वर दोन पक्षी, काठावर झुकलेले झाड. या बशीशी जोडलेली दोन प्रेमिकांची करुण कथा १८४९ मध्ये एका इंग्रजी मासिकात छापली गेली. म्हणजे चित्र आधीचे, कथा अर्ध्या शतकानंतरची. कथा येण्यापूर्वी पाहणाऱ्याची नजर बशीवर हवी तशी फिरू शकत होती. पक्ष्यांकडून पुलाकडे, पुलाकडून होडीकडे. कथा आली आणि क्रम ठरला : आधी पूल, मग होडी, शेवटी पक्षी. डिस्नेचा पट त्या विशिष्ट कथेवर आधारलेला नसला तरी वृत्ती तीच आहे. चित्राला गोष्टीच्या दावणीला बांधले की ते पळू लागते, आणि पळू लागले की बशीच्या काठाबाहेर जाते.

याच्या उलट एक उदाहरण आहे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या युअर संग्रहालयात प्राचीन ग्रीक भांड्यांचा संग्रह आहे. तेथील भांड्यांपासून सुरुवात करून सोन्या नेव्हिन आणि स्टीव्ह सायमन्स यांनी 'पॅनॉप्ली' या नावाने छोट्या सचेतनपटांचे काम उभे केले. त्यांतील आकृत्या भांड्यावर आहेत तशाच एका बाजूने दिसणाऱ्या राहतात. काळा रंग आणि तांबूस माती यांचा मेळ कायम राहतो. भांड्यावरची किनार हीच त्यांची जमीन, तिच्यावरूनच त्या चालतात. चित्रकाराने जी रेघ ओढली तिच्या मर्यादेत हालचाल बसवण्याचा हा संयम आम्हांला मोलाचा वाटतो. १९९७ च्या 'हर्क्युलिस' या डिस्ने चित्रपटातही ग्रीक भांड्यांवरच्या कलादेवता सजीव होऊन गाऊ लागतात. त्या ठसकेबाज आहेत, लक्षात राहतात. पण तेथे घट हा नाटकातल्या पडद्यासारखा आहे. सूत्रधार पुढे आला की पडद्याकडे कोण पाहतो?

येथे कोणी विचारील, आणि रास्तपणे विचारील, की हात लावायला मूळ भांडे आहे कोठे? इराणचा पेला संग्रहालयात, ग्रीक घट काचेच्या पेटीत. काचेतले भांडे एका बाजूनेच दिसते. त्याची पाठ भिंतीकडे असते. त्याला वळवून पाहण्याचा हक्क आपण केव्हाच गमावला आहे. हा आक्षेप आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. किंबहुना सचेतनपटाचे खरे काम येथेच आहे, असे आमचे मत आहे. काचेने हिरावून घेतलेले हाताचे वळणे पडदा परत देऊ शकतो. भांडे सावकाश फिरवून त्याची दडलेली बाजू दाखवणे, एका आकृतीकडून दुसरीकडे नजर नेणे, मध्ये थांबणे, ही खरी सेवा होय. बोकडाच्या त्या फितीत आधी पेला दाखवून, तो एकदा धीमेपणाने वळवून, मग उडी दाखवली असती, आणि शेवटी बोकड पुन्हा पेल्यावर स्थिर झाला असता, तर आमची काही तक्रार नव्हती.

आता आपल्या आसपासच्या उदाहरणांकडे येऊ. गुजरातेत लोथल येथे एस. आर. राव यांनी १९५५ पासून उत्खनन केले. तेथल्या एका रांजणावर झाड आहे, फांद्यांवर चोचीत मासा धरलेले पक्षी आहेत आणि खाली कोल्ह्यासारखा एक प्राणी आहे. राव यांना हे पाहून पंचतंत्रातल्या धूर्त कोल्ह्याची आठवण झाली. इराणच्या पेल्यावर एका उडीचे पाच क्षण आहेत. लोथलच्या रांजणावर अख्ख्या गोष्टीचा एकच क्षण आहे. गोष्ट पाहणाऱ्याला ठाऊक आहे, असा या चित्रकाराचा विश्वास असावा. सचेतनपट करणाऱ्याला येथे मोह होणे स्वाभाविक आहे : पक्षी चोच उघडील, मासा पडेल, कोल्हा पळेल, दहा सेकंदांत निकाल. पण रांजणावरचा मासा चार हजार वर्षांत खाली पडलेला नाही आणि कोल्ह्याने आशा सोडलेली नाही. त्या न पडलेल्या माशात चित्राचा सगळा जीव आहे. तो पाडला की गोष्ट पुरी होते आणि चित्र संपते.

एका माध्यमातले चित्र दुसऱ्यात नेण्याचा असाच प्रयोग मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी झाला होता, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. जे. जे. कलाशाळेचे प्रमुख जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० नंतरच्या दशकात तेथे मृत्पात्रांचे काम सुरू केले. सिंधमधल्या झिलईकामाची परंपरा त्यासाठी मुंबईत आणली. हीच पुढे 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावाने ओळखली गेली, आणि जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात तिची वाखाणणी केली. त्याच सुमारास, १८७२ ते १८८५ या काळात, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. साहजिकच अजिंठ्याच्या आकृत्या आणि वेलबुट्टी या घटांवर उतरल्या. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या या मृत्कलेचे नमुने पाहायला मिळतात.

लेण्याच्या अंधारात, दिव्याच्या उजेडात पाहायचे चित्र चकाकत्या घटावर बसवून दिवाणखान्यात ठेवणे, हे धाडसच होते. त्यात काय साधले? आमच्या मते जेथे कारागिराने छताची वेलबुट्टी घेतली तेथे ती घटाच्या गळ्याभोवती, पोटावर जन्मापासून असल्यासारखी शोभली, कारण वेल स्वभावतःच वळते. जेथे अजिंठ्याचा मानवी प्रसंग उचलून गोल पोटावर चिकटवला तेथे आकृत्या परक्या घरी आल्यासारख्या अवघडून राहिल्या. नव्या माध्यमाने जुन्याकडून काय घ्यावे, हा विवेक त्या कारागिरांना कधी साधला, कधी नाही. सचेतनपटाने भांड्याकडून घ्यायचे तेव्हा हाच विवेक हवा.

आणि या संदर्भात दादासाहेब फाळके यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, कॅमेऱ्याची करामत लोकांना पटवण्यासाठी, एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा रोवून महिन्याहून अधिक काळ ते अंकुराचे चित्रण करीत राहिले. त्यातून जेमतेम मिनिटभराचा 'अंकुराची वाढ' हा लघुपट झाला. पुढे १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' या पटात त्यांनी निर्जीव काड्यांनाही नाचवले. दोन्ही करामती एकाच हाताच्या आणि दोन्ही आपापल्या जागी सुंदर. तरी पहिलीचे मोल आम्हांला अधिक वाटते. मातीची कुंडी जागची हलली नाही; जे वाढत होतेच पण डोळ्यांना दिसत नव्हते, ते दिसू लागले. नवरात्रातल्या घटाभोवती नऊ दिवस जे घडते तेच फाळक्यांनी एका मिनिटात दाखवले. नसलेली हालचाल चिकटवणे वेगळे आणि असलेली, परंतु आपल्या अधीर डोळ्यांना न दिसणारी हालचाल दाखवणे वेगळे. मृत्पात्रांचे सचेतनपट या दुसऱ्या वाटेने जावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. सिल्वाशात आणि खानवेलच्या वाटेवर वारली चित्रे काढलेली मडकी, सुरया, पेले आज सर्रास विकायला असतात. मूळ चित्र घराच्या लिंपलेल्या, गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवरचे. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूच्या काडीचा कुंचला. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची ही कला. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती १९७० नंतर कागदावर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. भिंतीवरून कागदावर, कागदावरून मडक्यावर आणि आता मडक्यावरून पडद्यावर, असा या आकृत्यांचा प्रवास झाला आहे. त्यांना चालवणाऱ्या जाहिराती आणि लघुपटही पुष्कळ निघाले.

मडक्यावर या चित्राला एक लाभ झाला, तो येथे नोंदवला पाहिजे. कागदावर तारपा नाचाचे वेटोळे एकदम सगळे दिसते. मडक्याच्या पोटाभोवती काढले की नाचणाऱ्यांची रांग वळून मागे जाते, दिसेनाशी होते आणि दुसऱ्या बाजूने परत येते. खळ्यावर नाच पाहताना होते तसेच. असे मडके हातात फिरवणे म्हणजे नाचाभोवती एक फेरी मारणे. पण पडद्यावर हेच वेटोळे चक्रासारखे एकाच वेगाने फिरवले जाते. तारप्याच्या नाचात वेग सुरांप्रमाणे बदलतो, पावले तारपा वाजवणाऱ्याच्या मागोमाग पडतात आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करीत नाहीत. ज्याने हा नाच कधी पाहिला नाही तो आकृत्या फिरवू शकेल, नाचवू शकणार नाही.

चौकाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. तेथे मधोमध पालघाट देवी असते, जिच्या नावातच घट ऐकू येतो. तिच्याभोवती झाडे, माणसे, पशू यांची गजबज असते. ती मात्र आपल्या जागी स्थिर. एखाद्या उत्साही कलावंताने उद्या तिलाही नाचवले तर ते तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. पण आपल्या देवघरातला घट चौथ्या माळेला कोणी गंमत म्हणून हलवला तर आपल्याला काय वाटेल, ते आठवून पाहावे. आपल्यातली पुष्कळ घरे मुक्तीनंतर, नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने या भूमीत आली. दमणगंगेच्या काठी हा नाच आणि हा चौक आपल्या आधीपासून आहे. त्यातले काय हलवावे आणि काय हलवू नये, हे ज्यांचा तो चौक आहे त्यांना विचारावे. ते ठरवणे आपल्याकडे नाही. सेवेच्या नावाखाली मालकी सांगितली जाते ती अशीच, नकळत.

मुलांना असे पट दाखवूच नयेत काय? अवश्य दाखवावेत. एरवी त्या नातीला इराणचा पेला कोठून दिसणार होता? आमची सूचना एवढीच आहे की पट दाखवण्यापूर्वी मुलांच्या हातात एक भांडे द्यावे. संक्रांतीची सुगडे आपल्या प्रत्येक घरी येतात आणि सण झाला की अडगळीत जातात. त्यांतलेच एखादे चालेल. त्यावर चुन्याने त्यांना हवी ती पाच चित्रे काढू द्यावीत आणि सुगड हळूहळू वळवून पाहायला सांगावे. दोन चित्रांच्या मध्ये जी रिकामी जागा उरते तेथे काय घडले, हे त्यांनाच विचारावे. त्यानंतर पडद्यावरचा बोकड दाखवला तर तो दमत कसा नाही, हे त्यांना आपणहून कळेल. आणि बहुधा पडदा बंद करून ती पुन्हा सुगड हातात घेतील.